जखमी माणूस दिसला? चला, उचला!

आंब्याचा हंगाम संपत आला की आमच्या देवगडात दोन गोष्टी पडायला लागतात. वळवाचा पाऊस आणि कलमांवरची माणसं. पावसाचं पुढे काय होतं ते आपल्या हातात नाही. माणसाचं काय करायचं हे मात्र वाडीत प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असतं, त्यासाठी कुठे शिकायला जावं लागत नाही. तरी मे महिन्यात आलेले चाकरमानी, नवी सून, शेजारच्या तालुक्यातला पाहुणा अशा अडाणी मंडळींसाठी ही पद्धत लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे धावत सुटा. आजूबाजूला बघू नका. पडलेल्याच्या हातातली आंबे काढायची घळ विजेच्या तारेला टेकलेली असेल, घाटातल्या वळणावर मागून डंपर येत असेल, असू दे. एकाचे दोन जखमी झाले तर त्याला तेवढीच सोबत.

तो शुद्धीवर आहे का, हे तपासत बसू नका. हाक मारायची, खांद्यावर थोपटायचं, उत्तर येतं का बघायचं, मग छातीकडे बघून श्वास चालू आहे का हे पाहायचं. म्हणे याला दहा सेकंद पुरतात. दहा सेकंद! तेवढ्यात तीन नातेवाइकांना 'गेलो तो' म्हणून कळवून होतं. आणि श्वास थांबलेलाच असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, हे तर परक्याच्या अंगाला हात लावणं झालं. त्यापेक्षा तळपाय चोळा.

रक्त वाहत असेल तर हळद. हळद नसेल तर कॉफी पावडर, तीही नसेल तर खिशातला चुना-तंबाखू. स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरायची, हा उपाय फुकट आहे, म्हणजे त्यात दम नसणारच. सळई किंवा काठी अंगात घुसली असेल तर ताबडतोब उपसून काढा. ती आत राहिली तर रक्त अडून राहतं आणि बघणाऱ्यांना काहीच दिसत नाही.

फिट आली, चप्पल हुंगवा.

भाजलं तर टूथपेस्ट. वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं म्हणतात, पण मे महिन्यात आमच्या नळाला वीस मिनिटं पाणी येतं असं समजणारा माणूस कोकणातला नव्हेच.

फुरसं चावलं तर वर करकचून दोरी बांधा, ब्लेडने कापा, जमल्यास चोखा, आणि मग माणसाला चालवत नेऊन त्या गावच्या अमक्याकडे विष उतरवून घ्या. हातपाय न हलवता, धीर देत, थेट सरकारी दवाखान्यात नेलं तर तिथे फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चौघांच्या विषावर चालणारं एकच इंजेक्शन असतं. पण मग अमक्याच्या नारळाचं काय? विंचवाचंही तेच. महाडमध्ये बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची गोळी कशी जीव वाचवते ते १९८०च्या दशकात जगाला दाखवून दिलं. जगाने मान्य केलं. आमच्या वाडीचा निर्णय अजून राखून ठेवलेला आहे.

आता पाणी. पाणी विसरलात तर वाडीत तोंड दाखवायची सोय नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला धड गिळता येत नाही, तोंडात ओतलेलं श्वासनळीत उतरतं आणि तो गुदमरतो. शिवाय पुढे ऑपरेशन करायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. ही सगळी डॉक्टर लोकांची कारणं झाली. पाणी त्याच्यासाठी नसतंच, ते आपल्यासाठी असतं. तांब्या हातात घेतला की आपण काहीतरी केलं असं वाटतं.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उचलणे.

हे मी ऐकीव सांगत नाही, गेल्या आठवड्यात बघितलं. शेजारच्या बागेत एक गडी कलमावरून पडला, तोही नेमका गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पाठ चिऱ्यावर आपटून. मी पोचलो तेव्हा पंधरा-वीस जण जमले होते. गडी डोळे उघडे ठेवून पडलेला, विव्हळत होता. म्हणजे श्वास चालू होता, शुद्ध होती, विचारलं असतं तर बोललाही असता. नोकरीत असताना सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं प्रशिक्षण झालंय माझं, म्हणून म्हटलं, हलवू नका, पाठीचं हाड असू शकेल. तर उत्तर आलं, "तू गप रव, डाक्तर झालस काय?" एक म्हणाला, "काय एक जावक नाय त्येका, नुसतो घाबारलो हा. बसवा त्येका." दुसरा तांब्या घेऊन आला. तिसऱ्याने कांदा फोडला. कांदा! जागा असलेल्या माणसाला शुद्धीवर आणायला!

आणि मग चौघांनी त्याला उचललं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, मधली कंबर लोंबकळत होती. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, दाराला टेकवलेली चांगली रुंद फळी चार पावलांवर होती. एकाने डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून, बाकीच्यांनी सगळं अंग एका दमात कुशीवर वळवून खाली ती फळी सरकवायची, एवढंच काम होतं, तेही रुग्णवाहिका येणारच नसती तर. आग नव्हती, रस्ता नव्हता, दरड कोसळत नव्हती. घाई कसली होती? पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटवर टाकला त्याला, आणि तो कातळावरचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे.

आता तो कोल्हापूरला आहे. मणका मोडलाय. कमरेखाली पाय हलत नाहीत. पडल्यामुळे तसं झालं की उचलल्यामुळे, हे आता कुणीच सांगू शकत नाही, कारण उचलायच्या आधी 'बाबा रे, पायाची बोटं हलव बघू' एवढं त्याला कुणी विचारलंच नाही. वीस माणसं बघत होती आणि एकानेही बघितलं नाही.

नाही, चुकलो. एकाने बघितलं. मोबाइलमधून. पूर्ण चार मिनिटं, जवळ जाऊन, तोंडासकट.

आता ही थट्टा पुरे झाली, सरळच बोलतो. १०८ ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, आत डॉक्टर असतो, स्ट्रेचर असतं, मानेचा पट्टा असतो. त्या दिवशी तिला पहिला फोन कधी गेला माहीत आहे? पिकअप सुटल्यावर. "गाडी येईसर हयच मरात तो," म्हणे. गाडीला आपल्याकडे उशीर होतो, मला सांगायची गरज नाही, मीही इथेच राहतो. म्हणून तर फोन आधी करायचा असतो! आणि फोनवरच्या माणसाला विचारायचं, तोवर काय करू. तो सांगतो.

हायवेवर तर आणखी बहाणे. पोलीस अडकवतील, साक्षीला खेटे घालावे लागतील. अहो, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने २०१९ साली हे स्पष्ट केलंय, की अपघातातल्या माणसाला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. कशेडी, परशुराम, भोस्ते, प्रत्येक घाटात गाड्या थांबतात त्या मदतीला नाही, फोटोला. कायद्याची भीती वाटते तर फोटो काढताना ती कुठे जाते?

आणि बागायतदारांनो, पेटीचा भाव दिवसातून चार वेळा विचारता. वीस फुटांवर चढणाऱ्या गड्याच्या कमरेला दोर आहे का, हे एकदा तरी विचारलंत? अंडरआर्म क्रिकेटच्या चषकाला वर्गणी निघते, पालखीला निघते, निघावी. त्याच वाडीत पाच माणसांना एक दिवस प्रथमोपचार शिकवायचा म्हटलं की सगळ्यांना कामं आठवतात. मी दोन वर्षं सांगतोय. दोन्ही वर्षी 'पावसाळ्यानंतर बघू'.

त्या गड्याची बायको परवा आली होती, मजुरीचे राहिलेले पैसे मागायला. ते द्या. आणि तो व्हिडिओ अजून वाडीच्या ग्रुपवर फिरतोय, तिच्या पोराच्या मोबाइलवरही आलाय. ज्याने टाकला त्याला मी ओळखतो, तुम्हीही ओळखता. आजच्या आज काढायला सांगा त्याला.