दात म्हणजे स्नायू नव्हेत: 'दातांचा व्यायाम' शिकवणाऱ्या मेसेजला उत्तर

'दातांचा व्यायाम' नावाचा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. रोज बर्फाचे खडे कडाकडा चावा, दात ठणकले तर घाबरू नका, ते मजबूत होत आहेत, असं त्यात लिहिलंय. पेन आणि नखं चावल्याने हिरड्या घट्ट होतात म्हणे. किडलेल्या बाजूने चावणं थांबवलं की कीड आपोआप भरून येते म्हणे. आणि शेवटी च्युइंगमची शिफारस. माझ्या मावशीने हे वाचून खरोखरच बर्फ चावायला घेतला. तिच्या दोन दाढांचं रूट कॅनल झालेलं आहे!

या मेसेजचा सगळा डोलारा एकाच वाक्यावर उभा आहे: 'वापराल तसे स्नायू बळकट होतात, तसेच दातही.' साफ खोटं. स्नायूंमध्ये जिवंत पेशी असतात, ताण पडला की त्या डागडुजी करतात. दातावरच्या इनॅमलमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या कठीण थरात, एकही जिवंत पेशी नसते. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच संपलेल्या असतात. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण कठीण आहे म्हणून चिवट आहे असं नाही. त्याला तडा जातो, टवका उडतो, आणि तो शरीर पुन्हा सांधत नाही. लाळेतली खनिजं आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड अगदी सुरुवातीची झीज भरून काढतात, तेवढंच. रूट कॅनल झालेल्या दाढेचा तर बराचसा भाग आधीच गेलेला असतो, म्हणून तिच्यावर कॅप बसवतात. 'अमेरिकन डेंटल असोसिएशन' ही दंतवैद्यांची मोठी संघटना बर्फ चावू नका असं स्पष्ट सांगते.

पण सगळ्यांत घातक आहे ते ठणक्याबद्दलचं वाक्य. चावताना, आणि विशेषतः चावा सोडताना, क्षणभर कळ येते ती अनेकदा तडा गेलेल्या दाताची खूण असते. असे तडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतही नाहीत, त्यामुळे डॉक्टरांची भिस्त तुमच्या सांगण्यावरच असते. वेळेत कळलं तर कॅप बसवून दात वाचू शकतो. तडा दाताच्या मुळापर्यंत खोल उतरला की बहुतेकदा दात काढावाच लागतो. आणि हा मेसेज लोकांना सांगतोय की कळ सोसा! ज्यांना बर्फ चावल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांनी तर रक्त तपासून घ्यावं. लोहाच्या कमतरतेत अशी तल्लफ लागते.

पेन आणि नखांवर वेळ घालवत नाही. दातांच्या कडा झिजतात, टवके उडतात, नखांखालची घाण तोंडात जाते. हिरड्यांना फायदा शून्य. किडीचं म्हणाल तर एकदा खड्डा पडला की तो कुठल्याही बाजूने चावून भरत नाही. बाजू बदलल्याने दुखणं तेवढं लांबतं आणि कीड आत दाताच्या नसांपर्यंत पोचते.

च्युइंगमचं मात्र अर्धं मान्य करावं लागेल. जेवणानंतर साधारण वीस मिनिटं साखर नसलेलं च्युइंगम चघळलं तर लाळ वाढते, आम्ल धुतलं जातं आणि दात किडण्याचं प्रमाण कमी व्हायला मदत होते. हेही तीच संघटना सांगते. पण मेसेजमध्ये 'साखर नसलेलं' हे दोन शब्द कुठेच नाहीत. साखरेचं च्युइंगम तासन्‌तास चघळणं म्हणजे किडीच्या जंतूंना सतत खाऊ घालणं. आणि ज्यांचा जबडा आधीच दुखतो किंवा उघडताना कटकट वाजतो, त्यांनी साखर नसलेलंही डॉक्टरांना विचारूनच चघळावं.