घोडबंदरचा हशा

रविवारी दुपारचा प्रयोग सुटला आणि आम्ही पाच जण नेहमीसारखे ठाण्याच्या तलावपाळीच्या कठड्यावर टेकलो. पाठीशी मासुंदा तलाव, समोर गडकरी रंगायतनमधून बाहेर सांडणारी गर्दी. आणि त्या गर्दीत जो तो एकमेकाला एकच वाक्य पुन्हा म्हणून दाखवत होता. नाटकाचं नाव लिहीत नाही. मंडळींचे प्रयोग चालू आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

वाक्य मात्र सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. पहिल्या अंकात नायकाच्या घरात नको ती तीन माणसं तीन खोल्यांत लपलेली असतात आणि सासूबाई घरी यायला निघालेल्या असतात. फोन वाजतो. नायक घाबरून विचारतो, "आई, कुठवर आलात?" पलीकडचं ऐकतो. चेहरा उजळतो. म्हणतो, "घोडबंदर रोडला आहात? मग या, सावकाश या. दिवाळीचा फराळ करून ठेवतो!"

घोडबंदर रोड म्हणजे रोजची वाहतूक कोंडी, आणि अजून गणपतीसुद्धा आलेले नाहीत. थिएटर कोसळलं. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा तर उठून उभे राहिले. टाळ्या द्यायला असावेत, किंवा पाय मोकळे करायला.

"खरं सांगा, तुम्ही हसलात की नाही?" डॉक्टरने मास्तरांना विचारलं. (डॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हे. त्याचं नौपाड्यात औषधांचं दुकान आहे. मास्तर मात्र खरेच मास्तर, बत्तीस वर्षं मराठी शिकवलेले.)

"हसलो ना. म्हणून तर राग आलाय."

"हे काय आता?"

"अरे, ते वाक्य नाटकातलं नाहीच. लेखकाने लिहिलेलं नाही. हे उद्या पुण्याला गेले की तिथल्या कुठल्यातरी चौकाचं नाव घालणार, नाशिकला गेले की तिथल्या पुलाचं. गावाचं नाव घेतलं की गाव हसतं. माझं नाव घेऊन हाक मारली तर मी वळून बघीनच, त्यात हाक मारणाऱ्याचं कौतुक काय?"

डॉक्टर पेटला. "कौतुक काय म्हणजे? रंगायतन दुरुस्तीला बंद होतं तेव्हा नाटक बघायला घाणेकरला जायचो आपण. नौपाड्यातून निघून त्या घोडबंदरच्या बाजूला. एकदा तर नांदी चुकली, पहिला प्रवेश चुकला, पोचलो तेव्हा लोक बटाटेवडे खात होते. ते सगळं आठवून मी आज हसलो. पाचशे रुपये दिलेत, मला माझ्या दुखण्यावर हसायचा हक्क आहे."

"दुखण्यावर हसायचं तर कठड्यावर बसून फुकट हसता येतं."

इथे चहा आला. चहावाल्याने आपणहून सांगितलं की वाक्य त्याच्यापर्यंत मध्यंतरातच पोचलं होतं.

मी दोघांच्या मधे होतो. बसायलाही आणि मतानेही. मला ते वाक्य आवडलं होतं, पण एक गोष्ट खटकत होती आणि ती नेमकी काय, ते कळत नव्हतं. दुसऱ्या अंकात एक प्रवेश आहे. नायक जेवायला बसतो, शेजारच्या काकूंनी दिलेल्या बरणीतून लोणचं वाढून घेतो. घेतो, पुन्हा घेतो, बरणी हलवून बघतो, शेवटी हात आत घालतो. बराच वेळ संवाद नाही. मला वाटलं, हे काय रेंगाळलंय? आमच्या रांगेत कुणी खोकलं, कुणी मोबाइलवर वेळ बघितली. पण बायको शेजारी पदर तोंडात धरून हसत होती. पुढच्या तीन रांगांतही हशा. बाकी थिएटर गप्प.

"तू तिथे एवढी का हसत होतीस?" मी विचारलं.

"चावी बरणीत होती म्हणून."

"ते शेवटी कळलं ना. शेवटी तर सगळेच हसले."

"शेवटी कशाला? पहिल्या अंकातच काकू सांगतात की. फोन ठेवल्यावर आत येतात आणि सांगतात, चावी लोणच्याच्या बरणीत टाकलीय. का टाकली तेही सांगतात. काय वाक्य होतं ते!"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौघांपैकी एकानेही ते वाक्य ऐकलं नव्हतं. घोडबंदरच्या हशात काकू आल्या, बोलल्या आणि गेल्या. मी तर काकू आलेल्याच पाहिल्या नाहीत, कारण मी मागे वळून डॉक्टरला टाळी देत होतो.

"हेच!" मास्तर एवढ्या जोरात म्हणाले की शेजारचं जोडपं उठून पुढच्या कठड्यावर गेलं. "हेच म्हणतोय मी मघापासून. फार्स म्हणजे घड्याळ असतं. कोण कुठल्या दारामागे आहे, हे आपल्याला माहीत पाहिजे आणि रंगमंचावरच्या माणसाला माहीत नाही पाहिजे. सगळी गंमत त्या माहितीत. चावी कुठे आहे हे ज्यांना कळलं त्यांच्यासाठी लोणच्याचा प्रवेश म्हणजे हसून पोट दुखणं. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी एक माणूस लोणचं खातोय. एका फराळापायी बाराशे लोकांची बरणी फुकट घालवली!"

आकडा मास्तरांचा आहे. चिडले की ते माणसं वाढवतात.

"मोरूची मावशी घ्या," ते पुढे म्हणाले. "ब्रँडन थॉमसचं मूळ नाटक 1892 सालचं, लंडनचं. अत्र्यांनी ते मराठीत आणलं. विजय चव्हाणांनी मावशी गाजवली. त्यात काय आहे? पुरुष बाई झालाय, हे आपल्याला ठाऊक आणि समोरच्या म्हाताऱ्यांना नाही. बस्स. लंडनमधल्या माणसालाही तेच हसू, ठाण्यातल्यालाही तेच. कुठल्या रस्त्याचं नाव घ्यावं लागत नाही."

डॉक्टरकडे उत्तर तयार होतं. मुळात कोकणातला माणूस, त्याची वाट बघतच होता. "आणि वस्त्रहरण? गवाणकरांचं? 1980 सालापासून हजारो प्रयोग झाले त्याचे. त्यात तर सगळंच गावचं. गाव मालवणी, भाषा मालवणी, महाभारत मालवणी, त्यातली भांडणं मालवणी. मच्छिंद्र कांबळी उभे राहिले की पुढे काय बोलतील याचा नेम नसायचा. ते नाटक लंडनला जाऊन आलं, मास्तर! तुमची मावशी लंडनहून इथे आली ती नऊवारी नेसून, आमचा तात्या सरपंच इथून लंडनला गेला तो आहे तसाच. बोला!"

मास्तर क्षणभर बोलले नाहीत. हे दुर्मीळ आहे, म्हणून नोंदवून ठेवतोय.

मग म्हणाले, "त्याची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

"वस्त्रहरणात नाटकाचीच फजिती आहे. गावातली माणसं नाटक बसवतायत, ते विसकटतंय, आणि त्या विसकटण्याचंच नाटक आहे. तिथे कुणी चार वाक्यं पदरची घातली तर खपतात, उलट शोभतात. तमाशातल्या वगात तर जागाच ठेवलेली असते. सबनीसांचं विच्छा माझी पुरी करा आठव. दादा कोंडके कालच्या पेपरातली बातमी आजच्या प्रयोगात घालायचे. सोंगाड्याचं कामच ते. पण ज्या घराला ओसरी आहे तिथे ओसरीवर बसावं, आणि जिथे नाही तिथे नुसतं दार. दारात बैठक घालून बसलं तर घरातल्यांनी जायचं कुठून? आजचं नाटक दारांचं होतं. पाच दारं होती, मोजली मी."

हे मला पटलं. पटलं म्हणून जरा वाईटही वाटलं, कारण वळून टाळी देणारा मीच होतो. डॉक्टर मात्र हरायला तयार नव्हता. तो म्हणाला, ज्याच्या नावाने हे थिएटर आहे त्या गडकऱ्यांनी एकच प्याल्यासारख्या शोकांतिकेत तळीरामाची मंडळी घातलीच ना? लोक सिंधूसाठी रडायचे आणि तळीरामासाठी थांबायचे. मास्तर म्हणाले, घातली, पण गडकऱ्यांनी घातली, तळीरामाचं काम करणाऱ्या नटाने नाही. यावर दहा मिनिटं गेली. ती लिहीत नाही, कारण त्यात मुद्दा कमी आणि आवाज जास्त होता.

बारक्या इतका वेळ गप्प होता. तो आमच्यात सगळ्यात लहान, ऐरोलीला कंपनीत जातो. कॉलेजात एकांकिकांचं बॅकस्टेज केलेलं, त्यामुळे नाटक बघताना हा नटांकडे कमी आणि विंगेकडे जास्त बघतो.

"काका, एक सांगू? मला नाही वाटत ती भर होती."

"मग काय, लेखकाला घोडबंदर रोड माहीत होता?" मास्तर.

"तसं नाही. त्याने ते वाक्य घेतलं, पण हौसेने नाही. काकूंची एंट्री चुकली होती. फोन कानाला लावून तो दोनदा डाव्या विंगेकडे बघून आला. तुम्ही बघितलं नाही? पहिल्यांदा तो, 'हो आई, हो आई,' म्हणाला. मग कॅलेंडर सरळ केलं. मग पुन्हा, 'हो आई.' तेव्हा दार उघडायला हवं होतं आणि काकू नव्हत्या. तो वेळ काढत होता हो! रिकाम्या स्टेजवर, हातात बंद फोन. त्याला जे सुचलं ते बोलला."

कॅलेंडर सरळ केलेलं मला आठवलं. तेव्हा वाटलं होतं, काय बारीक अभिनय करतोय.

"आणि मग काकू धावत आल्या," बारक्या म्हणाला, "त्या चुकल्या ते इथे. हशा चढत असताना बोलायचं नसतं. अगदी विझू पण द्यायचा नसतो, नाहीतर पुढचं वाक्य थंड पडतं. उतरायला लागला की टाकायचं. आम्हाला दिग्दर्शक सांगायचे, कुकरची वाफ जाऊ दे, पण भात गार करू नकोस. काकूंना उशीर झाला होता, हुकलेला वेळ भरून काढायला त्या आल्या आल्या बोलल्या. पुढच्या तीन रांगांनी ऐकलं, कारण त्या तोंडासमोर होत्या. वहिनी, तुम्ही आमच्याबरोबर असून कसं ऐकलंत?"

"मी हसत नव्हते," बायको म्हणाली. "मी रोज घोडबंदरवरून जाते. मला त्यात काही विनोदी वाटलं नाही."

तिची नोकरी मानपाड्याला आहे. यावर डॉक्टरसुद्धा काही बोलला नाही.

आता मास्तरांची पंचाईत झाली. इतका वेळ ज्या नटाला झोडपत होते तो संकटात सापडलेला निघाला. पण मास्तर ते मास्तर. "हे सगळं तुझं अनुमान. तू विंगेत होतास?"

"नाही."

"मग? कदाचित विंगेकडे बघणंही बसवलेलं असेल. कदाचित तो प्रत्येक गावात दोनदा विंगेकडे बघतो, कॅलेंडर सरळ करतो आणि त्या गावचा रस्ता काढतो."

"असेल."

"आपल्याला कसं कळणार?"

यावर सगळे गप्प झाले. तलावात एक बोट पायडल मारत चालली होती. रंगायतनच्या मागच्या दारी टेम्पो लागला होता आणि त्यात ती पाच दारं एकावर एक आडवी चढत होती. बारक्याने मोबाइल काढला.

"येत्या शनिवारी वाशीला प्रयोग आहे यांचा. विष्णुदास भाव्यांमध्ये, रात्री साडेआठ."

डॉक्टरच्या लगेच लक्षात आलं. "म्हणजे वाशीत सासूबाई पामबीच रोडला अडकल्या, तर मास्तर जिंकले."

"आणि अडकल्याच नाहीत, काकू वेळेवर आल्या, तर बारक्या जिंकला," मी म्हणालो.

"आणि मी?" डॉक्टर.

"तू हसलास. तुला अजून काय पाहिजे?"

हरणाऱ्याने सगळ्यांना मामलेदारची मिसळ द्यायची असं ठरलं. मास्तरांनी अट घातली की सासूबाई सायन-पनवेलला अडकल्या तरी ती पामबीचच धरायची. बारक्याने हरकत घेतली नाही. मग जागांवरून पुन्हा वाद. मास्तरांना गुडघ्यामुळे कडेची खुर्ची पाहिजे, डॉक्टरला बाल्कनी पाहिजे कारण स्वस्त, आणि मी म्हटलं काही झालं तरी पहिल्या तीन रांगांतच बसायचं. पाच खुर्च्या एकत्र मिळेनात. शेवटी तीन पुढे आणि दोन मागे अशी तिकिटं निघाली. मागे कोण बसणार हे शनिवारी ठरेल.

निघता निघता मी बायकोला हळूच विचारलं, "काकूंनी चावी लोणच्यात का टाकली होती गं?"

"तेच तर वाक्य होतं."

"अगं, सांग ना."

"पाचशे रुपये भरलेत ना आता? वाशीला ऐका."

तेवढ्यात रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं, आणि मागून डॉक्टर ओरडला, "घोडबंदर!" आम्ही राहतो चरईत. रिक्षावाला मान हलवून निघून गेला.