इनामगावचा बैल म्हणजे नुसतं मांस?

'दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांसाठी गुरं म्हणजे चालतंफिरतं मांस. नांगर, जिव्हाळा, श्रद्धा हे सगळं नंतरचं,' असा मजकूर सध्या फिरतोय. पुरावा काय, तर उत्खननात मिळालेली, कापल्याच्या खुणा असलेली हाडं.

हाडं खरी आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथले ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणारे शेतकरी गुरांचं मांस खात होते, यात शंका नाही. ते कुणी लपवूही नये. पण हाडावरून जनावराचा शेवट कळतो. त्याआधी त्याने किती वर्षं ओढकाम केलं, दूध किती दिलं, हे सुरीच्या खुणेत कसं दिसणार?

'नांगर नंतरचा' हे तर सरळ चूक. इनामगावजवळच्याच वाळकीला त्याच काळातला, म्हणजे या शेतकऱ्यांच्या जोर्वे संस्कृतीतला, गुराच्या हाडापासून केलेला नांगर मिळाला आहे.

आता जिव्हाळा. त्यासाठी आणखी मागे, नवाश्मयुगात, म्हणजे तांब्याआधीच्या घासीव दगडी हत्यारांच्या काळात जावं लागेल. तेलंगणातल्या उतनूरला पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९५७ साली राखेचा एक मोठा ढिगारा खणला. आत निघाला गुरांचा वाडा: लाकडी खांबांचं कुंपण आणि जमिनीत चक्क खुरांचे ठसे. चिखलात रुतलेला खूर उचलला की जसा खळगा राहतो, अगदी तसे. साचलेलं शेण लोक पेटवून देत, पुन्हा साचू देत, पुन्हा पेटवत. गुरांना आगीवरून नेण्याच्या सणांशी ऑल्चिन यांनी याचा संबंध जोडला. कर्नाटकात संक्रांतीला आजही गुरं आगीवरून उडी मारतात. हा अर्थ सगळ्या अभ्यासकांना पटलेला नाही, पण वाडा आणि खूर याबद्दल वाद नाही. रोज गुरं आत घ्यायची, सकाळी सोडायची, वाघा-लांडग्यांपासून राखायची. एवढ्या सहवासात माणूस कोरडा राहिला असेल, हे मला पटत नाही.

आणि श्रद्धा? इनामगावच्या एका घरात जमिनीखाली कच्च्या मातीची, शीर नसलेली स्त्रीमूर्ती मिळाली. सोबत मातीचाच एक बैल. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घातली की ती बैलावर बसते. ती कोण होती, हे मी ठामपणे सांगणार नाही. पण जे नुसतं मांस, त्याची मूर्ती करून तिला कुणी आपल्या राहत्या घरात पुरून ठेवत नाही.