व्हेनिसवर घिरट्या कुणी घातल्या?

व्हॉट्सॲपवर १५०० सालचा व्हेनिसचा नकाशा फिरतो: कौले, धुराडी, गल्ल्या, सगळे वरून पाहिलेले. खाली मजकूर: ‘विमान नाही, फुगा नाही, मग काढला कसा? उपग्रहाच्या फोटोशी तंतोतंत जुळतो! प्राचीन तंत्रज्ञान दडवले गेले.’ नकाशा अस्सल आहे, चित्रकार याकोपो दे बार्बारीचा. मजकुराचे तसे नाही.

‘तंतोतंत जुळतो.’ मजकूर लिहिणाऱ्याने जुळवून पाहिलेले दिसत नाही. युर्गेन शुल्झ या कलेतिहासकाराने पाहिले, १९७८ मध्ये निष्कर्ष छापले: प्रमाण ठिकठिकाणी बिघडलेले आहे. शहर खरोखर एका उंच जागेवरून पाहिले असते, तर चूक सगळीकडे एकाच रीतीची असती. इथे भागाभागाची चूक वेगळी. म्हणजे तुकडे निरनिराळ्या ठिकाणांहून टिपले आणि मग सांधले.

‘वरून पाहिल्याशिवाय अशक्य.’ वरूनच पाहिले की! व्हेनिस सपाट, त्यात चर्चचे घंटामनोरे जागोजाग. मनोऱ्यावरून भोवतालची छपरे कागदावर उतरवायची, कोन मोजायचे. इटालियन वास्तुविशारद आल्बेर्तीने त्याआधी अर्धे शतक रोमच्या कॅपिटोल टेकडीवर अंश आखलेली चकती धरून दिशा आणि अंतरे टिपण्याची रीत लिहून ठेवली होती. हिशेब किचकट होता, गूढ नव्हता.

‘दडवले गेले.’ कुणापासून? प्रकाशक आन्तोन कोल्बने १५०० मध्ये व्हेनिसच्या सरकारकडे चक्क अर्ज केला: तीन वर्षे खपलो, नक्कल करण्यावर बंदी घाला, प्रत तीन डुकाटला (सोन्याची नाणी) विकू द्या. छपाईचे सहा लाकडी ठोकळे आजही व्हेनिसच्या कॉरेर संग्रहालयात आहेत. १४८९ मध्ये वीज पडून सान मार्कोच्या मनोऱ्याचे शिखर गेले होते, म्हणून पहिल्या छपाईत तो बोडका आहे. शिखर पुन्हा उभे राहिल्यावर ठोकळ्यात दुरुस्ती झाली. दडवणारे इतकी उस्तवार करत नाहीत.

शिवाय वरून दिसणारे चित्र म्हणजे चित्रकार तिथे होताच, असेही नाही. १५७२ मध्ये कोलोनहून ब्राउन आणि होगेनबर्ग यांचा शहरचित्रांचा पहिला खंड निघाला. त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला गोवाही आहे. दोघांपैकी कुणी गोव्याला आले नव्हते, दुसऱ्यांच्या चित्रांवरून काम भागवले. शीर्षकात गोवा ख्रिस्त्यांच्या हाती आल्याचे साल १५०९ कोरले आहे. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये.