नाही हो, फेसासाठी दूध उकळायचं नसतं

घरच्या घरी कॅफेसारखी कॉफी कशी करायची याच्या टिप्सचा एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: दूध जितकं गरम तितका फेस चांगला, तेव्हा उकळी येऊ द्या, फेस फॅटमुळे होतो म्हणून फुल फॅटच घ्या, फेस जितका जास्त तितकी कॉफी भारी, आणि स्टीमवालं मशीन नसेल तर या फंदात पडू नका. चारही चूक आहेत, पहिली तर फारच.

उकळताना दूध वर येतं ना, तो फेस नाहीच. वाफेचे बुडबुडे सायीखाली अडकतात आणि तिला वर ढकलतात, गॅस बंद केला की सगळं खाली बसतं. कॉफीवरचा फेस म्हणजे दुधात शिरवलेली हवा, आणि त्या हवेला धरून ठेवतात दुधातली प्रोटीन्स, प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पडदा करून. ७० डिग्रीच्या पुढे यातल्या व्हे प्रोटीन्सची (दूध फाटलं की पाण्यात उरतात ती) घडण मोडायला लागते, अजून तापवलं की उकळलेल्या दुधाचा तो टिपिकल वास येतो आणि कॉफीची चवच दबते. ५५ ते ६५ मध्ये दूध छान गोड लागतं, साखर न घालता, म्हणून थांबायचं तिथेच.

मशीन असेल तर दूध फ्रिजमधलं गार घ्या, कारण गार दुधात हवा मारायला वेळ जास्त मिळतो. नोझलचं, म्हणजे वाफेच्या नळीचं, टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा, त्स-त्स असा बारीक आवाज आला पाहिजे, खळखळ झाली तर टोक फार वर आलंय आणि किंचाळल्यासारखा आवाज आला तर फार खाली गेलंय. दुधाचा जग हाताला गारही लागत नाही आणि गरमही लागत नाही, म्हणजे साधारण ३७ ते ४० डिग्री, तिथे हवा बंद. मग टोक थोडं आत आणि एका बाजूला, दूध गोल फिरू द्या, त्या भोवऱ्यात मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. जगावर हात ठेववत नाही झालं की स्टीम बंद करा.

आता फॅट. स्किम, म्हणजे फॅट काढलेल्या, दुधाचा फेस उलट जास्त येतो आणि घट्टही असतो, फक्त जरा कोरडा लागतो. फॅटमुळे फेस होत नाही, फॅटमुळे तो तोंडात मऊ लागतो, म्हणून चवीसाठी फुल फॅट घ्या, मीही तेच सांगेन, पण कारण नीट सांगा की! त्यापेक्षा दूध ताजं आहे का ते बघा. दूध जुनं होत जातं तसं फॅट तुटून फॅटी ॲसिड्स सुटतात आणि तीच बुडबुडे फोडतात.

जास्त फेसाचं म्हणाल तर लाटे कॉफीला वर बोटभरही लागत नाही, कॅपुचिनोला त्याहून जास्त लागतो, बस. वरून साबणासारखे बुडबुडे दिसत असतील तर जग ओट्यावर दोनदा आपटा आणि दूध चमकायला लागेपर्यंत गोल फिरवा.

आणि मशीन नाही म्हणून कोणी कॉफी सोडू नका प्लीज, याचा मला खरंच राग येतो. फ्रेंच प्रेस (जाळीचा दांडा असलेलं कॉफीचं भांडं) असेल तर दूध ६० डिग्रीपर्यंत तापवा, भांडं एक तृतीयांशच भरा (दूध फुगतं), मग दांडा २०-३० सेकंद भराभर वरखाली करा. बॅटरीवालं छोटं फ्रॉदर, म्हणजे दूध घुसळायचं यंत्रही चालतं, बुडबुडे थोडे मोठे येतात एवढंच. शिवाय स्टीमने तापवताना वाफेचं पाणी दुधात उतरतं, २०० मिलीला साधारण २० मिली, प्रेसमध्ये ते होत नाही त्यामुळे दूध दाटच राहतं. फक्त कॉफी आधी तयार ठेवा आणि फेस झाला की लगेच ओता, कारण मिनिटभरात फेस वर आणि दूध खाली असे दोन थर होतात, आणि पुन्हा तापवून तसा फेस परत येत नाही.