वाघीण व्याली म्हणजे सुखात आहे का?

"सुखात नसती तर पाच-पाच पिल्लं दिली असती का तिनं?"

सुनीलच्या या एका वाक्यावर काल टपरीवर चहाचे दोन राउंड झाले. विषय आपलं छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालय. तिथल्या समृद्धी वाघिणीला २०२० च्या नाताळात पाच बछडे झाले, तेव्हा गावानं बारसं तेवढं घालायचं बाकी ठेवलं होतं. त्याच वर्षी इथली शक्ती-करिश्मा ही जोडी मुंबईच्या राणीच्या बागेत गेली. सुनीलला याचा फार अभिमान. "मुंबईला वाघ आपण पुरवतो. अजून काय पाहिजे?"

विनायक जनावरांचा डॉक्टर. त्यानं कप खाली ठेवला. "दावणीला बांधलेली गायपण वितेच की. पोट भरलं, नर शेजारी आहे, पिल्लं होणारच. त्यावरून जागा पुरते हे कसं ठरलं?"

जागेचाच घोळ आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २०१८ मध्ये याच उद्यानाची मान्यता काढली होती. त्याच सुमारास नागपूरच्या महाराजबागेवरही तीच वेळ आली. पुढं अपिलं झाली, मुदती मिळाल्या. शहराच्या कडेला मिटमिट्याला शंभर एकरांवर नवं प्राणिसंग्रहालय होणार, हे आपण इतकी वर्षं ऐकतोय की तिथं आता कुणी रोप लावलं तरी बातमी होते. कागदावर मान्यता गेली काय नि आली काय, पिंजऱ्यातल्या वाघाला त्याचा पत्ताच नाही.

"नियम तरी कुठं मोठे आहेत?" विनायकनं मोबाईल काढला. वाघाच्या जोडीला बाहेर किमान हजार चौरस मीटर. रात्रीची खोली मात्र पावणेतीन मीटर लांब, एक मीटर ऐंशी रुंद. वाघीण नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अडीच मीटरच्या आसपास भरते. म्हणजे आडवी वळायची तरी पंचाईत. आणि ही खोली नियमात बसणारी बरं का!

ऋतुजा म्हणाली, तिनं पाहिलेला वाघ सारखा एकाच रेघेत फिरत होता. जाळीपाशी यायचा, ठरल्या जागी मान झटकायचा, वळायचा, पुन्हा तेच. त्या वाटेवर गवताची काडी नव्हती. "आणि लोक म्हणतात, बघा कसा ऐटीत चालतो!"

"व्यायाम करायलाय तो," सुनील.

"कसला व्यायाम, डोकं फिरल्याचं लक्षण आहे ते." विनायकनं मग ऑक्सफर्डच्या दोन संशोधक बायकांचा २००३ चा अभ्यास सांगितला. रानात ज्याचा फिरण्याचा पल्ला मोठा, तो मांसाहारी प्राणी पिंजऱ्यात जास्त येरझारा घालतो, त्याची पिल्लंही जास्त दगावतात. ध्रुवीय अस्वलाला तर रानातल्या जागेच्या दहा लाखाव्या हिश्शाएवढी जागा मिळते.

पांढऱ्या वाघांवर कुणीतरी गाडी नेलीच. गर्दी त्यांच्याकडं जास्त. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये मोहन नावाचा पांढरा बच्चा पकडला, तो रंग पुढं चालावा म्हणून त्याच्या मुलीशीच त्याची जोडी लावली, आणि आजचे पांढरे वाघ बहुतेक त्याच खानदानातले. तिरळे डोळे तर त्या पांढऱ्या रंगाच्या जनुकासोबतच येतात. आपण तिकीट काढून ते 'दुर्मिळ' म्हणून बघतो. मला तर हे सगळ्यात ओंगळ वाटतं.

"बंदच करा हे सगळं," ऋतुजा म्हणाली.

नाना इतका वेळ गप्प होते. एसटीत कंडक्टर होते ते. "बंद करा म्हणायला काय जातंय पोरी. माझ्या नातवानं वाघ कुठं बघायचा? ताडोबाची जिप्सी परवडते का आम्हाला?"

यावर ऋतुजाकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. शिवाय पिंजऱ्यात जन्मलेला वाघ रानात सोडला तर उपाशी मरेल नाहीतर गावात शिरेल, हे विनायकनंच सांगितलं. त्याचं म्हणणं एवढंच, मिटमिटा तयार होईपर्यंत नर-मादी वेगळे ठेवा. आहेत त्यांना जागा नाही, तर नवे कशाला?

सुनील उसळला. "आणि बछडे नसतील तर लोक येतील कशाला? तिकिटं कोण काढणार?"

"हां," विनायक म्हणाला, "म्हणजे पिल्लं तिच्या सुखाची नाहीत, गल्ल्याची आहेत."

सुनीलनं तिसरा चहा सांगितला, पण स्वतःपुरताच.