‘काम चोख असेल तर विमा कशाला?’ या दाव्याला उत्तर

कंत्राटदारांमध्ये एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: जनरल लायबिलिटी विमा (आपल्या कामाने तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर भरपाई देणारा) म्हणजे पैसे पाण्यात. चोख काम करणाऱ्याला तो लागत नाही. काम देणाऱ्या मालकाचा स्वतःचा विमा असतोच, कामगारांचा आपण काढलेला असतो, पोटकंत्राटदाराने घोळ घातला तर तोच भरेल, आणि शेवटी कंपनी क्लेम देतच नाही. धंद्यात नव्याने उतरलेले लोक हे वाचून विमा टाळतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी चोख कामाचे. हा विमा कामाच्या दर्जासाठी नाहीच; खराब काम पुन्हा करून देण्याचा खर्च तो सहसा देत नाही. आपल्या कामामुळे त्रयस्थ माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर ती भरपाई आणि कोर्टात बाजू मांडण्याचा खर्च यासाठी तो असतो. परांचीचा क्लॅम्प सुटून खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडला, तर वरचे प्लास्टर किती सफाईदार आहे हे कोणी विचारत नाही. शिवाय चूक आपली नव्हती हे सिद्ध करायलाही वकील आणि तज्ज्ञांचे अहवाल लागतात.

आणि नुकसान आपल्या बिलाचा आकडा पाहून होत नाही. इंग्लंडमधल्या अपपार्क या जुन्या वाड्याच्या छपराची दुरुस्ती ऑगस्ट १९८९ मध्ये संपत आली होती. शिशाच्या पत्र्यावर ब्लोटॉर्चच्या ज्योतीने काम करताना आग लागली आणि वाडा जळाला. तो पुन्हा लोकांसाठी उघडायला १९९५ साल उजाडले. डसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी टर्मिनलच्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होते, त्यातून लागलेल्या आगीत १७ माणसे गेली. दोन्ही कामे दुरुस्तीची, रोज कुठे ना कुठे चालणारी.

‘मालकाचा विमा आहे’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. मालकाची विमा कंपनी मालकाला पैसे देते, हे बरोबर. पण पैसे दिल्यावर तीच कंपनी मालकाच्या जागी उभी राहते आणि ज्याच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले त्याच्याकडे वसुलीला येते. यालाच सब्रोगेशन म्हणतात. म्हणजे मालक तुमचा वीस वर्षांचा स्नेही असला, त्याने ‘जाऊ दे’ म्हटले, तरी दारात येणारी नोटीस त्याची नसते. काही करारांत मालकाच्या पॉलिसीत कंत्राटदाराचेही नाव घातलेले असते किंवा कंपनी वसुलीचा हक्क लेखी सोडते. तसे असेल तर तो कागद स्वतः वाचा. त्या पॉलिसीत बहुधा इमारत येते, रस्त्यावरून जाणारा माणूस येत नाही.

कामगारांच्या विम्याबद्दल फार लिहायला नको. तो तुमच्या कामगारांपुरता असतो, शेजाऱ्याच्या फुटलेल्या भिंतीशी त्याचा संबंध नाही.

पोटकंत्राटदाराचे म्हणाल, तर मालकाने करार तुमच्याशी केलेला असतो आणि दावा करणारा सहसा सगळ्यांनाच ओढतो. पोटकंत्राटदाराकडे विमा नसेल आणि पैसेही नसतील, तर वसूल कोणाकडून करणार? तो साइटवर पाय ठेवण्याआधी त्याचे विमा प्रमाणपत्र घ्या, मुदत पाहा, रक्कम पाहा, जमल्यास त्याच्या पॉलिसीत आपले नाव घालून घ्या.

राहिला क्लेम न मिळण्याचा मुद्दा. क्लेम नाकारले जातात, ही तक्रार खोटी नाही. पण कारणे पाहिली तर बरीचशी आधीच टाळता येण्यासारखी असतात. फॉर्मवर ‘रंगकाम’ लिहायचे आणि गच्चीवर ब्लोटॉर्चच्या ज्योतीने वॉटरप्रूफिंग करायचे. पॉलिसीतली उंचीची मर्यादा न वाचता वरच्या मजल्याचे काम घ्यायचे. ठिणगी उडणाऱ्या कामानंतर ठरलेला वेळ आगीवर पहारा ठेवायची अट असते, ती सोडून जेवायला जायचे. अपघात महिनाभर दाबून ठेवायचा, किंवा कंपनीला न विचारता ‘सगळे भरून देतो’ असे लिहून द्यायचे. रकमेतही दोन मर्यादा असतात, एका घटनेची वेगळी आणि वर्षभराची एकूण वेगळी; मोठा आकडा पाहून सही करणारे दुसरी बघतच नाहीत.

याहून अवघड गोष्ट मुदतीची. भिंतीत गाडलेल्या पाइपचा सांधा काम सोपवल्यावर कित्येक महिन्यांनी सुटतो आणि खालच्या मजल्याचे नुकसान होते. पूर्ण झालेल्या कामांचे संरक्षण पॉलिसीत असेल तरच हे त्यात बसते. काही पॉलिसी नुकसान केव्हा झाले हे पाहतात, काही दावा केव्हा आला हे. दुसऱ्या प्रकारची पॉलिसी नूतनीकरण न करता सोडली, तर मागची सगळी कामे उघडी पडू शकतात. त्यामुळे कंपनी बदलताना किंवा धंदा आवरताना जुन्या कामांवरचे दावे कोण घेणार, हे आधीची पॉलिसी संपण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.